पिल्ले सोडली, पण कोणत्या नदीत?

महाडजवळच्या वाळणकोंडीतले मासे वरदायिनी देवीचे. त्यांना कुणी गळ दाखवत नाही. उलट भाविकच खाऊ टाकतात. हे मासे महासीर कुळातले. याच कुळातली खडशी आपल्या मावळातल्या नद्यांची. 1839 मध्ये साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुळा-मुठेतल्या माशावरून तिची शास्त्रीय नोंद केली.

धरणे आली, डोहांत सुरुंग उडू लागले आणि खडशी दिसेनाशी होऊ लागली. तेव्हा, 1970 च्या सुमारास, लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने तिची पैदास हाती घेतली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या तज्ज्ञांनी तंत्र बसवले. मादीचे पोट हलकेच दाबून अंडी काढायची, त्यांत नराचे रेत मिसळायचे आणि वाहत्या पाण्यात ती उबवायची. लाखो पिल्ले तयार झाली, दूरदूरच्या नद्यांत गेली. हेतू उत्तम, पण मेख इथेच होती.

कावेरीतही ही पिल्ले सोडली गेली. तिथला मूळचा महासीर वेगळा: नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला. 1946 मध्ये काबिनी या उपनदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा मासा गळाला लागला होता! बाहेरून आलेली निळ्या परांची खडशी तिथे फोफावली आणि घरचा मासा मागे पडला. अर्थात धरणे आणि वाळूउपसा यांचाही त्यात वाटा आहेच. गंमत म्हणजे या प्रसिद्ध माशाची शास्त्रीय ओळख पटली ती 2018 मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

नदी तीच असली तरी काळजी संपत नाही. मोजक्याच जोड्यांपासून हजारो पिल्ले काढली, की सगळी एकमेकांची भावंडे. पुढे नात्यातच वीण होते, वाण कमजोर होतो. टाकीत आयते खाऊन वाढलेल्या पिल्लांना पुराच्या लोंढ्याचा सरावही नसतो. म्हणून नर-मादी भरपूर आणि त्याच नदीतले हवेत, दरवर्षी बदलायलाही हवेत. नाते तपासायला पराचा बारीकसा तुकडा पुरतो. मासा जिवंत परत पाण्यात जातो.

कावेरीच्या महासीराची अशी पैदास करायची, तर अस्सल जोड्या आणायच्या कुठून? मोयारसारख्या थोड्याच नद्यांत ते आता उरले आहेत.