मालेगावला घाई, खैरलांजीला मौन

८ सप्टेंबर २००६. मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुस्लिमच. तरी नऊ मुस्लिमांना अटक होताच अनेक वृत्तपत्रांनी, वाहिन्यांनी त्यांना थेट 'अतिरेकी' ठरविले. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर त्यांना जामीन मिळाला. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. त्या बातमीचा अटकेएवढा गाजावाजा झाला नाही.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. इथे मात्र माध्यमे कित्येक दिवस गप्प! सुरुवातीला अनैतिक संबंधांची कुजबुज छापली गेली. समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा आंदोलनात नक्षलवादी शोधले गेले.

वकील म्हणून आम्ही शिकलो, गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष. संपादकाच्या टेबलावर मात्र जात-धर्म पाहून निकाल लागतो. एकाला घाईने गुन्हेगार ठरवायचे, दुसऱ्याचे मरण दाबायचे, मूळ एकच. म्हणून मुस्लिमांची बदनामी हा आपला प्रश्न नव्हे, असे कोणी म्हणू नये. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तो अशाच पक्षपाती पत्रांच्या अनुभवातून. आरोपी आणि गुन्हेगार यांतला फरक निदान आपण तरी पाळू या.