पावसाळ्याआधी पुलाकडे बघूया

पावसाळ्याला अजून दीड महिना आहे. कुरडया-पापड, घर शाकारणं, सरपण आत घेणं, सगळी बेगमी सुरू असेल. त्या कामांत आज एकाची भर घालूया. गावच्या पुलाकडे नीट बघूया.

उल्हास नदीच्या खोऱ्यात राहायचं म्हणजे बाजाराला, दवाखान्याला, बदलापूर-अंबरनाथच्या स्टेशनला जाताना कुठेतरी मोरी, साकव नाहीतर पूल लागतोच. कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायत्याचा पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो, हे आपण पाहिलंय. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेसच पुरात अडकली. हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

जुने पूल बहुतेक दगडी कमानीचे. कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात, त्यामुळे भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर उतरतो. नवे पूल सिमेंटचे नाहीतर लोखंडी तुळयांचे असतात. पण जुना असो की नवा, भार शेवटी पायावरच येतो. पुराचं पाणी जोरात वाहताना खांबाभोवती भोवरे धरतं आणि बुडाची माती-वाळू उकरून नेतं. वरून रस्ता चांगला दिसतो, खालून पाया उघडा पडलेला असतो.

महाडचा सावित्री नदीवरचा पूल आठवा. १९२८ चा, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री नदीला पूर असताना तो कोसळला. अंधारात दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली, कितीतरी घरं उघडी पडली. पुढे तिथे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. गेलेली माणसं मात्र परत आली नाहीत.

दुसरं कारण म्हणजे भार. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला. चार जण दगावले.

वेळेवर पूल पाडून नवा बांधला, तर त्रास होतो पण जीव वाचतात. कल्याणचा १९१४ चा पत्रीपूल धोकादायक ठरला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला. नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. दोन वर्षं कोंडीत आपण वैतागलो, पण कुणी नदीत गेलं नाही की रुळांवर पडलं नाही.

मग आपण काय बघायचं? पाणी कमी असताना, काठावरूनच, बचत गटातल्या चौघी-पाचजणींनी मिळून बघा:

खांबाच्या बुडाशी खड्डा पडलाय का?
दगडांच्या फटीतून वड-पिंपळ उगवलाय का? त्याची मुळं दगड सुटे करतात.
सिमेंट निघून गंजलेल्या सळया दिसतात का?
कठडा कललाय का, तुटलाय का?
पूल आणि रस्ता जिथे जुळतात तिथे जमीन खचलीय का?
मोरीत कचरा, ओंडके अडकलेत का?

यातलं काही दिसलं तर मोबाइलवर फोटो काढा, तारीख लिहा. १ मेच्या ग्रामसभेआधी महिला सभेत विषय मांडा आणि ठरावात लिहून घ्या. अर्ज ग्रामपंचायतीमार्फत जिल्हा परिषदेच्या नाहीतर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जाऊ द्या. पूल कुणाच्या ताब्यात आहे, ते ग्रामपंचायतीत विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आणि पुरात एकच नियम. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी त्याची ओढ मोठ्या माणसाला पाडते आणि खालचा रस्ता आहे की वाहून गेलाय, ते दिसत नाही. घरच्या पुरुषांना आणि शाळेच्या पोरांनाही हे बजावा. अडचण आली तर ११२ ला नाहीतर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा.

एक दिवस मजुरी बुडाली तर भरून निघते, बायांनो. उशीर झाला तरी चालेल, पण घरी या.