बिडी सुटली, मग धाप का वाढली?

“पीत होतो तोवर बरा होतो. सोडली आणि दमा उसळला.” बिडी सोडलेल्या माणसाच्या तोंडून ही तक्रार नेहमी ऐकू येते. ऐकणारा जाणकार लगेच सल्ला देतो, “शरीराला सवय होती, एकदम नको होती सोडायला. एखादी ओढत जा, कफ मोकळा होईल.” रमजानच्या महिन्यात निर्धाराने सोडलेली बिडी ईदनंतर पुन्हा ओठांवर येते, ती पुष्कळदा अशाच सल्ल्याने. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. बिडी सोडल्यावर काहींची धाप खरोखरच वाढते का? वाढते. पण तिचे कारण बिडी सोडणे हे असते का? जवळजवळ कधीच नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीसारख्या गावात हा विषय घराघरातला आहे. हा मुलूख धानाचा, तसाच तेंदूपानाचा आणि बिडीचाही. उन्हाळ्यात जंगलातून पाने खुडून आणायची, पुडे बांधायचे, आणि पुढे बायाबापड्यांनी घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायच्या, यावर इथल्या कित्येक पिढ्या जगल्या. बिडी सिगारेटपेक्षा लहान म्हणून सौम्य, हा समज मात्र चुकीचा आहे. तेंदूचे पान सच्छिद्र नसते आणि बिडी लवकर विझते. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल मारावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत सिगारेटपेक्षा जास्तच जाते.

सोडल्यावर आत काय घडते?

आपल्या श्वासनलिकांना आतून केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. धूळ आणि कफ वर ढकलून बाहेर काढणे हे त्यांचे काम. धुराने ते लुळे पडतात. बिडी सुटली की काही आठवड्यांत ते पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर येतो. शिवाय धुरामुळे बधिर झालेली खोकल्याची संवेदना जागी होते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत खोकला आणि बेडके वाढू शकतात. ही आतली झाडलोट आहे. बहुतेकांचा खोकला आणि धाप पुढच्या काही महिन्यांत कमी होत जाते.

दुसरे कारण निकोटीनची ओढ. ती पहिल्या आठवड्यात सर्वात तीव्र असते आणि साधारण दोन ते चार आठवडे टिकते. चिडचिड, झोप न लागणे, बेचैनी, छाती आवळल्यासारखी वाटणे, हे सारे त्यात येते. घाबरलेला माणूस भराभर, उथळ श्वास घेतो आणि त्याने धाप आणखी जाणवते.

तिसरे कारण वजन. बिडी सुटली की भूक आणि चव परतते. पहिल्या वर्षात वजन सरासरी चार-पाच किलो वाढते. पोट वाढले की चढावर आणि जिन्यावर दम लागतोच.

चौथे कारण सर्वात महत्त्वाचे. पुष्कळांना आपण ‘दमा’ म्हणतो, पण तो निव्वळ दमा नसतो. वर्षानुवर्षांच्या धुराने फुफ्फुसांच्या नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या असतात. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. हा आजार बिडी सोडण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. पुष्कळदा माणूस बिडी सोडतो तोच मुळी धाप लागायला लागल्यावर. मग दोष मात्र सोडण्यावर येतो.

मग सोडून फायदा काय?

फायदा मोजलेला आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या 5,887 धूम्रपान करणाऱ्यांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या अनेकांवर 11 वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्या पुरुषांनी धूम्रपान चालू ठेवले, त्यांची एका सेकंदात जोराने हवा बाहेर फुंकण्याची क्षमता दरवर्षी सरासरी 66 मिलिलिटरने घटली. ज्यांनी सोडले, त्यांची 30 मिलिलिटरने. वयाबरोबर थोडी घट सर्वांचीच होते. सोडणाऱ्यांची घट जवळपास तेवढ्यावर आली. गेलेले फुफ्फुस पूर्ण परत येत नाही, पण उरलेले वाचते.

खऱ्या दम्याच्या रुग्णांना तर आणखी एक लाभ होतो. धुरामुळे सूज कमी करणारे स्टिरॉइड इन्हेलर नीट काम करत नाहीत. बिडी सुटली की तेच औषध अधिक लागू पडू लागते. ग्लासगोत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, सिगारेट सोडलेल्या दमेकऱ्यांच्या फुंकण्याच्या क्षमतेत सहा आठवड्यांतच स्पष्ट सुधारणा दिसली.

औषधांकडे पुन्हा पाहा

बिडी सोडली की घेत असलेली औषधे डॉक्टरांना दाखवणे जरुरीचे आहे. गावाकडे दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, डेरिफायलिन त्यातलीच. धुरातली रसायने हे औषध शरीरातून लवकर काढून टाकतात. बिडी बंद झाली की ते रक्तात साचू लागते. मळमळ, उलटी, छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे हा त्याचा परिणाम असू शकतो, आणि प्रमाण फार वाढले तर झटकेही येऊ शकतात. माणसाला वाटते, बिडी सोडल्याने तब्येत बिघडली. प्रत्यक्षात गोळीची मात्रा कमी करायची वेळ आलेली असते. ती स्वतःच्या मनाने न बदलता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

‘पंप लागला की आयुष्यभराची सवय लागते’ हा दुसरा गैरसमज. इन्हेलर व्यसन लावत नाही. गोळीच्या मानाने फार थोडे औषध थेट नळ्यांत पोहोचवतो. मात्र झटपट आराम देणारा पंपच तेवढा वापरत राहणे दम्यात धोक्याचे आहे. सूज कमी करणारे औषध नियमित लागते. 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही हेच सांगितले आहे. स्पेसर लावून पंप घ्यावा, स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी. नाव-गाव नसलेल्या ‘हमखास गुणाच्या’ पुड्यांपासून दूर राहावे. त्यांत लपवून स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार आढळले आहेत.

दमा की सीओपीडी, हे स्पायरोमेट्री या फुंकून करायच्या तपासणीने कळते. जवळच्या सरकारी दवाखान्यातून भंडारा किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागावी.

घरातला धूर

अब्बांनी बिडी सोडली, पण घरातला धूर सुटला का? चुलीचा धूर, जुमेरातचा लोबान, उदबत्ती, रात्रीची मच्छर अगरबत्ती, हे सारे त्याच नळ्यांत जाते. 2003 सालच्या एका संशोधनात, एक मच्छर अगरबत्ती जळून संपेपर्यंत 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले. मच्छरदाणी हा त्यावर साधा इलाज. घरात बिड्या वळल्या जात असतील तर तंबाखूची भुकटी उडते. ते काम रुग्णाच्या झोपायच्या खोलीत नको. धानाची मळणी, राईस मिलचा कोंडा, तणस जाळल्याचा धूर आणि थंडीतले धुके एकाच मोसमात येतात. त्या दिवसांत नाकातोंडावर दुपट्टा किंवा मास्क बांधावा. बिडी नेमकी याच मोसमात सोडली असेल, तर वाढलेल्या धापेचे कारण शेतातही असू शकते.

आणखी एक आपल्याकडचा धोका. बिडी सोडून माणूस खर्ऱ्याकडे वळतो. धूर गेला, पण निकोटीन राहिले आणि तोंडाच्या कर्करोगाचे दार उघडले. ओढ असह्य होत असेल तर 1800-11-2356 या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. निकोटीनचा च्युइंग गम किंवा औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात.

रोजा आणि नमाज

रमजानमध्ये पंप वापरावा की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. इन्हेलरने रोजा तुटतो का, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत. ज्यांच्यावर आपला विश्वास आहे त्या आलिमांना विचारावे. पण दोन गोष्टींवर वाद नाही. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनने दिली आहे. आणि जीव धोक्यात घालणे दीनला मंजूर नाही. दिवसातून दोनदा घ्यायचा पंप पुष्कळदा सहेरी आणि इफ्तारला बसवता येतो. महिना सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून वेळा ठरवाव्यात. झटका आला तर मात्र वाट न पाहता पंप घ्यावा. उभे राहून धाप लागत असेल तर बसून नमाज पढण्याची मुभा आहेच. ती वापरण्यात कमीपणा नाही.

धाप लागली तर

बसावे, किंचित पुढे झुकून कोपर मांडीवर टेकवावे. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार मोजेपर्यंत हळू सोडावा. घरच्यांनी गर्दी करू नये, खिडकी उघडावी, पंप हातात द्यावा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, माणूस गुंगीत जात असेल किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर 108 ला फोन करावा. छातीत दुखणे, पायांवर सूज, बेडक्यात रक्त यांकडेही दुर्लक्ष नको. धाप हृदयाची किंवा रक्तक्षयाचीही असू शकते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे असेल, तर टीबीसाठी थुंकी तपासावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. बिडी सोडलेला माणूस खोकत बसला की “बघा, सोडून काय मिळवलं?” असे म्हणू नका. तोच त्याचा सर्वात नाजूक काळ असतो. त्याला दवाखान्यात घेऊन जा, गरम पाणी द्या, बिडीचा कट्टा घरात ठेवू नका. तीस वर्षांची सवय मोडायला त्याने पहिले पाऊल टाकले आहे. पुढची पावले त्याच्यासोबत आपण टाकायची आहेत. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो.