समजून घ्या : लोहगड-विसापूर एका दिवसात करायचाय? आधी परतीची वेळ ठरवा

शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या लोहगड-विसापूर, कोण कोण?’ अंतर विचारलं तर उत्तर येतं, ‘पंधरा किलोमीटर असेल, आरामात होतं.’ पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या बहुतेक ट्रेकचं नियोजन इथेच सुरू होतं आणि इथेच संपतं. गडबड होते ती या ‘पंधरा किलोमीटर’मुळे. सपाट रस्त्यावरचे पंधरा आणि डोंगरातले पंधरा यांत दुपटीचा फरक पडू शकतो.

आल्प्समध्ये हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. स्वित्झर्लंडमधल्या पायवाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते. पुढचं गाव 2 तास 40 मिनिटं, खिंड 1 तास 15 मिनिटं. त्यात विश्रांती धरलेली नसते. आपल्याकडे अशा पाट्या नाहीत, पण हिशेब आपल्यालाही करता येतो.

हिशेब कसा करायचा?

सर्वांत जुना नियम विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा, 1892 सालचा. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. नियम सोपा आहे, पण तो दमदार माणसाचा आहे आणि उतरायला लागणारा वेळ त्यात नाही.

जर्मन मानकातलं सूत्र आपल्याला जास्त जवळचं वाटेल. तासाला 4 किलोमीटर चाल, तासाला 300 मीटर चढ, तासाला 500 मीटर उतार. चालीचे तास एकीकडे काढा, चढ-उताराचे दुसरीकडे. जो आकडा मोठा तो पूर्ण घ्या, लहान निम्मा करून त्यात मिळवा.

आता लोहगड-विसापूर घेऊ. मळवली स्टेशनपासून भाजे, गायमुख खिंड, लोहगड, परत खिंड, विसापूर आणि भाज्यात उतरून पुन्हा मळवली. वाट निवडाल तसा फरक पडेल, पण ढोबळमानाने 15 किलोमीटर. लोहगडाची उंची 1,033 मीटर, विसापूरची 1,084. मधे खिंडीत उतरावं लागतं, म्हणजे चढ दोनदा. एकूण चढाई साधारण 650 मीटर धरू, उतारही तेवढाच. चालीचे पावणेचार तास, चढ-उताराचे साडेतीन. सूत्राने उत्तर येतं साडेपाच तास. नेस्मिथच्या नियमाने हेच चार तासांत बसतं आणि ग्रुपवरचा ‘आरामात’वाला गडीही तेवढंच सांगतो.

हे साडेपाच तास फक्त पाय चालू असतानाचे. विंचूकाटा पाहणार, तटावर बसणार, डबा खाणार, फोटो काढणार. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. तिथे जाऊन धावतपळत परतण्यात काय अर्थ? त्यासाठी तीन तास ठेवा. एकूण साडेआठ. पावसाळ्यात निसरड्या दगडांवर चाल मंदावते, तेव्हा दहाच्या पुढे.

मग निघायचं कधी?

इथे उलटं मोजायचं. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जून-जुलैत सव्वासातच्या आसपास. मावळतीच्या दीड तास आधी मळवलीत पोहोचायचं असेल, तर डिसेंबरात साडेचार. त्यातून साडेआठ तास वजा करा. सकाळी आठला मळवलीतून पाय उचलायला हवेत. पिंपरीहून लोकलने पाऊण ते एक तास लागतो, म्हणजे सातच्या आत गाडीत. चाकणला रेल्वे नाही, त्यामुळे तळेगावपर्यंत दुचाकी किंवा बस आणि तिथून लोकल. तळेगाव-चाकण रस्त्याबद्दल रोज तिथून जाणाऱ्याला मी वेगळं काय सांगणार! दुपारच्या वेळी लोकल विरळ असतात, त्यामुळे परतीचं वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहून ठेवा.

या मार्गाची एक सोय म्हणजे गायमुख खिंड. लोहगड उतरून तुम्ही परत खिंडीतच येता. तिथून भाज्यात उतरणारा रस्ता सरळ आहे, विसापूर दुसऱ्या बाजूला. खिंडीत दुपारी एकच्या आत आलात तर विसापूर. उशीर झाला असेल तर भाजे लेणी बघत घरी. हा निर्णय घरी बसून, कागदावर घ्यायचा. खिंडीत उभं राहून चौघांत चर्चा केली की उत्साही माणूसच जिंकतो.

शर्यतींतही हेच चालतं. माँ ब्लाँ पर्वताभोवतीची ‘यूटीएमबी’ ही जगातली नावाजलेली ट्रेल रनिंग शर्यत. तिथे ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेत पोहोचला नाहीत तर पाय शाबूत असले तरी तुम्हाला थांबवतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ऑगस्टमध्ये आम्ही चौघे अकरा वाजता मळवलीत उतरलो होतो. विसापूरचं पठार प्रशस्त आहे आणि त्या दिवशी धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. उतरायची वाट शोधण्यात दीड तास गेला. भाज्यात पोहोचलो तेव्हा मिट्ट काळोख आणि चौघांत मिळून एक चालू मोबाइल. आख्खं सेमिस्टर टॉलरन्स आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकलेल्या मुलांची ही गत.

तिसरी पाळी संपवून थेट जावं का?

आपल्या पट्ट्यातला खरा प्रश्न हा आहे आणि कुठल्याही ट्रेकिंगच्या पानावर त्याचं उत्तर नसतं. सकाळी पाळी सुटते, सुट्टी सुरू होते, पोरं तशीच बाइकवर मावळाकडे निघतात. माझं उत्तर स्पष्ट आहे : जाऊ नका. गड होऊन जाईल. पण रात्रभर जागून, आठ-नऊ तास चालून संध्याकाळी जुन्या हायवेवरून बाइक चालवत परतायचं, तिथे धोका आहे. झोप काढून दुसऱ्या दिवशी जा, किंवा वेळ कमीच असेल तर तळेगावजवळचं घोराडेश्वर, देहूजवळचा भंडारा डोंगर, चाकणजवळचा भामचंद्र डोंगर आहेतच. ट्रेल रनिंगची सुरुवात करणाऱ्यांसाठीही हेच बरे.

आणि कंपनीचे सेफ्टी शूज घालून येऊ नका. पुढच्या स्टीलच्या टोपीवर उतारात बोटं आपटत राहतात.

हवामान कुठलं बघायचं?

फोनवर ‘पिंपरी’ टाकून दिसतं ते हवामान गडाचं नव्हे. हवामान विभाग पुण्याच्या घाट परिसरासाठी वेगळा इशारा देतो, तो पाहा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द. विसापूरची भाज्याकडची पायऱ्यांची वाट पावसात धबधबाच होते. जून 2024 मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, जून 2025 मध्ये कुंडमळ्याचा पूल कोसळून चौघे गेले. पावसाळ्यात जिल्हाधिकारी पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढतात, तेही निघण्याआधी तपासा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजा होतात. आल्प्समध्येही उन्हाळ्यात याच कारणाने लोक पहाटे निघतात आणि दुपारी उतरू लागतात.

सोबत काय, आणि अडकलात तर?

माणशी तीन लिटर पाणी, ओआरएस, हेडटॉर्च, शिट्टी. टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही हवाच. नकाशा आधीच डाउनलोड करा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, फोन फ्लाइट मोडवर ठेवला तर बॅटरीही टिकते.

अडकलात तर 112 लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून हा कॉल लागू शकतो. नकाशावरचे अक्षांश-रेखांश सांगा, बोलणं होत नसेल तर घरी एसएमएस करा. शिट्टी मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. हा आल्प्समधून आलेला आंतरराष्ट्रीय संकेत. स्वित्झर्लंडमध्ये 1414 लावला की ‘रेगा’चं हेलिकॉप्टर येतं आणि विमा नसेल तर बिलही येऊ शकतं. आपल्याकडे लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक दोर घेऊन रात्री-अपरात्री येतात, पैसे घेत नाहीत. त्यांचीही दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरी असते.

निघताना घरी एक मेसेज टाका. कुठला गड, कुठली वाट, सोबत कोण आणि ‘संध्याकाळी साडेसहापर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवा’. मळवलीच्या फलाटावर पोहोचलात की चहाच्या आधी तो फोन करा.