कोयनेच्या पाण्यावरची नाव : मालकीची की भाड्याची?

दिवाळी पाडव्याला पेढीवरचे वहीपूजन आटोपले आणि घरात एक नवाच विषय निघाला. धाकटी मंडळी आदल्याच रविवारी बामणोलीहून कोयनेच्या जलाशयात फेरी मारून आली होती आणि मनाने अजून त्या पाण्यातच होती. पुतण्या म्हणाला, "दर खेपेला भाडे भरतो, रांगेत उभे राहतो. त्यापेक्षा आपलीच एक मोटरबोट का असू नये?" थोरल्या अण्णांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. नव्या वहीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हिशेब मांड. मग बोलू."

हा प्रश्न केवळ आमच्याच घरचा नाही. गेल्या काही वर्षांत सांगली-साताऱ्याच्या व्यापारी घरांतून तो वारंवार ऐकू येतो. चारचाकी झाली, महाबळेश्वरच्या वाटेवर जागा झाली, आता पाण्यावर जावेसे वाटते. पाणी आपल्याकडे आहेही भरपूर. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या राजांनी १८४२ साली बांधला, तेथे वल्ह्यांच्या होड्या तासाच्या दराने मिळतात. वाईजवळ धोमचे धरण आहे. आणि या सर्वांहून विस्तीर्ण असा कोयनेचा शिवसागर, सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा, शंभर टीएमसीहून अधिक पाणी पोटात घेणारा. तापोळा आणि बामणोली ही त्याच्या काठची जुनी ठिकाणे. मुनावळ्यालाही २०२४ पासून शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले आहे.

आम्ही हिशेबाला बसलो तो प्रथम रुपयांचा नव्हे, दिवसांचा. वासोट्याचा जलमार्ग पावसाळ्यात बंद असतो, तो ऑक्टोबरच्या मध्याला खुला होतो. चातुर्मासात आपल्यातील पुष्कळ घरे तशीही सहली टाळतात, म्हणून ते चार महिने दोन्ही अंगांनी वजा झाले. फेब्रुवारीपासून सांगलीच्या बाजारात नवी हळद येऊ लागते आणि मेपर्यंत पेढीवरचा माणूस हलू शकत नाही. म्हणजे पाणी ज्या दिवसांत मोकळे, त्यांतले निम्मे दिवस आपण बांधलेले. उरलेल्यांत लग्नसराई, परीक्षा, पाहुणे. सांगलीहून बामणोली गाठायला कराड, सातारा, कास असे सुमारे चार तास लागतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांनी परतीची वेळ त्यातच बसवायची. मागील तीन वर्षांत आम्ही पाण्यावर किती दिवस गेलो, हे आठवून लिहिले : चार, दोन, तीन. "आपली बोट असली की जास्त जाऊ," असे पुतण्याचे म्हणणे. ते मान्य करून आम्ही वर्षाचे दहा दिवस धरले.

मग रुपये. पुढील आकडे कोणा विक्रेत्याचे दरपत्रक नव्हे. हिशेब दिसावा म्हणून धरलेली ती रक्कम आहे. समजा, दहा माणसांची यंत्रबोट आठ लाखांना पडली. त्या भांडवलावर नऊ टक्क्यांनी व्याज ७२ हजार. दहा वर्षांनी ती दोन लाखांना विकली जाईल असे धरले, तर घसारा वर्षाला ६० हजार. विमा आणि तपासणी २० हजार. काठावर तिच्यावर नजर ठेवणाऱ्याला महिना पाच हजार, म्हणजे ६० हजार. यंत्राची देखभाल, बॅटरी, रंग, पावसाळ्यापूर्वी ओढून वर घेणे ३० हजार. बेरीज दोन लाख ४२ हजार, बोट पाण्यात उतरो वा न उतरो. उतरली की दिवसाचे दोन हजारांचे इंधन वेगळे. दहा दिवसांनी भागले तर एक दिवस २६ हजार २०० रुपयांना पडतो. भाड्याची बोट नावाडी आणि इंधनासह सहा हजारांना धरली, तर मालकीची बोट परवडण्यासाठी वर्षात साठ दिवस पाण्यावर काढावे लागतील. आकडे आपापल्या अनुभवाप्रमाणे बदलून पाहावेत. दिवसांचा आकडा बदलल्याखेरीज उत्तर फारसे बदलत नाही.

"मग पेढीच्या नावावर घेऊ," ही आपल्या घरांतली नेहमीची पळवाट. आमच्या सनदी लेखापालांनी ती तिथेच बंद केली. खासगी करमणुकीचा खर्च आणि घसारा धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. नौकेवर भरलेल्या वस्तू व सेवा कराचे क्रेडिटही नौकांचा व्यापार, प्रवासी वा मालवाहतूक, नौकानयनाचे प्रशिक्षण असे मोजके व्यवसाय सोडता मिळत नाही. शिवाय करमणुकीच्या नौकांवरील कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. हळदीच्या वखारीला मोटरबोट कशासाठी लागते, हे कर अधिकाऱ्याला पटवून देणे अण्णांनाही जमले नसते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र, विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता या गोष्टी आवश्यक ठरवल्या आहेत. जलाशय जलसंपदा विभागाचा, म्हणून नाव ठेवण्यास त्यांची परवानगी हवी. कोयनेचा पलीकडचा काठ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, म्हणून तिकडे उतरायचे तर वनविभागाची. गाडी विकत घेऊन रस्त्यावर आणावी, तसे हे नाही.

आजींनी मात्र एकाच वाक्यात सगळ्यांना गप्प केले. त्यांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले असून घरातल्या वस्तूंची यादी त्या दर पर्युषणात वाचतात. "घ्या बापडे," त्या म्हणाल्या, "पण मला एवढे सांगा, ती मी यादीत वाहनात लिहू की खेळण्यांत?"

खरा पेच वहिनींच्या बोलण्याने उभा राहिला. त्यांना सहलीशी काही देणेघेणे नव्हते. त्या म्हणाल्या, "२०१९ विसरलात का? दारात एक होडी असती तर आपण दोन दिवस माडीवर अडकलो असतो का?" यावर कोणी पटकन बोलले नाही. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. गणपती पेठ, मारुती चौक, टिळक चौक पाण्याखाली होते. ज्यांच्या तळघरात माल होता, त्यांना तो आठवडा आजही झोपेत आठवतो. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. वहिनींचा प्रश्न हौसेचा नव्हता, म्हणून त्याला हौसेच्या हिशेबाने उत्तर देता येईना.

रात्री उशिरापर्यंत त्यावर बोललो. एक तर सहलीची बोट बामणोलीच्या काठाला बांधलेली असणार. पूर येईल तेव्हा ती चार तासांच्या वाटेवर, आणि वाट पाण्याखाली. सांगलीत ठेवली, तरी पुराचे पाणी म्हणजे तलाव नव्हे. गल्लीतून जाताना ओढ असते, खाली बुडालेल्या गाड्या, कुंपणाच्या भिंती, वर लोंबणाऱ्या तारा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढताना गर्दीने भरलेली बोट उलटली आणि स्त्रिया-मुलांसह अनेकांचे प्राण गेले. तेथे बोट होती. काठावर माणसे जिवाच्या आकांताने उभी असताना "आता एवढेच बसा, बाकीचे पुढच्या खेपेला" असे सांगणे किती कठीण असते, याची कल्पना आपल्याला घरात बसून येणार नाही. आमच्या दारात बोट असती, तर शेजारच्या किती जणांना आम्ही नाही म्हणू शकलो असतो? वहिनी म्हणाल्या, "एकालाही नाही." आणि त्यांनी तो मुद्दा स्वतःच मागे घेतला. पुरासाठी पालिकेचा इशारा ऐकून चाळीस फुटांच्या आत माल आणि माणसे हलवायची, हे त्या रात्री ठरले. या सगळ्या चर्चेतले सर्वांत मोलाचे काम मला तेच वाटते.

भाड्यात आपण नेमके काय विकत घेतो, हे मला त्याआधीच्या मे महिन्यात कळले होते. आम्ही नऊ जण वासोट्याच्या दिशेने निघालो होतो. निम्मी वाट झाली असेल, तोच नावाड्याने पूर्वेकडे चढणाऱ्या ढगांकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता बोट वळवली. ऊन लख्ख होते. आम्ही कुरकुर केली. पैसे पूर्ण भरले होते. तो शांतपणे म्हणाला, "पैसे परत घ्या शेट, पर पुढं न्हाई जायाचं." काठाला लागून पुरती पंचवीस मिनिटे झाली नसतील, वळवाच्या वाऱ्याने पाण्यावर अशा लाटा उठल्या की बांधलेल्या बोटी एकमेकींवर आदळू लागल्या. त्याच्या आजोबांचे शेत याच पाण्याखाली आहे, हे चहा पिताना त्याने सांगितले. कोयना धरणाने ज्यांची खोरी गेली, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांतील अनेक जण आज या काठांवर बोटी चालवतात. बोट आमची असती, तर सुकाणूवर पुतण्या असता, आणि ऊन लख्ख असताना तो वळला नसता. हे मी त्याला त्या रात्री बोलून दाखवले. तो रागावला नाही.

मालकी आणि भाडे यांच्या मधलाही एक मार्ग आपल्या नदीवर फार दिवस चालत आला आहे. कृष्णेवर सांगलीत होड्यांच्या शर्यती होतात, त्यांतल्या लांब होड्या गावोगावच्या मंडळांच्या असतात. वल्ही मारणारे बदलतात, होडी मंडळाची राहते. पाच-सहा घरांनी मिळून बोट घेतली तर साठ दिवस भरतीलही. परंतु सगळ्यांना रविवारच हवा असतो, आणि दिवाळीनंतरचा पहिला रविवार एकच. भागीदारीत पेढी चालवणाऱ्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. ज्याचे बिऱ्हाडच साताऱ्यात आहे आणि जो दर आठवड्याला स्वतः वल्हवायला जाणार आहे, त्याने वल्ह्यांची लहानशी होडी खुशाल घ्यावी. तिचा हिशेब निराळा आहे.

आम्ही जानेवारीतल्या दोन दिवसांसाठी भाड्याचीच बोट सांगून ठेवली. सांगताना पुतण्याने तीन गोष्टी विचारून घेतल्या : बोटीवर किती माणसांची परवानगी लिहिली आहे, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे का, आणि लहान मुलांच्या मापाची किती आहेत. मग तो आम्हालाच विचारू लागला की घरात पोहता कोणाकोणाला येते. अकरा जणांत एकटे अण्णा निघाले. लहानपणी कृष्णेच्या घाटावर शिकलेले. पुढच्या सोमवारपासून पुतण्या आणि दोन्ही मुली पहाटे पोहायला जाऊ लागल्या आहेत. वहिनींनीही नाव घातले आहे, मात्र थंडी ओसरल्यावर.