मेंदूची गाठ आणि साखरेची नक्कल

मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'टू-डीजी' या पुडीला सरकारने तातडीची परवानगी दिली, हे अनेकांना आठवत असेल. पाण्यात विरघळवून घ्यायचे ते औषध. परंतु ते कोरोनासाठी शोधलेले नव्हते. संरक्षण खात्याच्या दिल्लीतील 'इनमास' या संस्थेचे शास्त्रज्ञ कितीतरी वर्षे आधीपासून ते मेंदूच्या गाठीच्या रुग्णांवर तपासून पाहत होते.

मेंदूतील कर्करोगाची गाठ साखर भराभर खाते. टू-डीजी ही साखरेची नक्कल. पेशी तिला साखर समजून आत घेते, पण तिच्यातून ताकद मिळत नाही. मग किरणांच्या शेकाने झालेली मोडतोड दुरुस्त करायला गाठीत बळ उरत नाही. रुग्णाने रात्रभर उपाशी राहायचे, सकाळी औषध प्यायचे आणि तीस मिनिटांनी शेक घ्यायचा. वजनाच्या किलोमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत रुग्णांना ते सोसले, ३०० ला काहीजण फार अस्वस्थ झाले. तरीही हे औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाही.

आले ते टेमोझोलोमाइड. २००५ साली ५७३ रुग्णांवरील चाचणीचा निकाल लागला. नुसत्या शेकावर दोन वर्षे जगणारे शंभरात सुमारे १०, शेकासोबत ही गोळी घेणारे सुमारे २६. आकडा लहान वाटतो. ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याला वाटणार नाही.

"गोड बंद करा, गाठ उपाशी मरेल," असे सांगणारे वस्तीत भेटतात. त्यांचे ऐकू नये. शरीर साखर स्वतःच तयार करते; उपाशी राहून खंगतो तो माणूस.

आपल्याकडचे रुग्ण शेकासाठी आमखास मैदानाजवळील शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात, काही मुंबईच्या टाटा रुग्णालयात. मोठ्या रुग्णालयात कधी विचारणा होते, "नव्या औषधाच्या चाचणीत येता का?" घाबरून उठू नका आणि भारावून सहीही करू नका. संमतीपत्र मराठीत मागा. घरी आणा, शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. नेहमीचा उपचार चालू राहणार की थांबणार, हे पहिले विचारा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याशेजारी तटस्थ साक्षीदाराची सही लागते. मधूनच बाहेर पडता येते, आणि त्यासाठी कारण सांगावे लागत नाही.