मस्कीसाठी रीळ कोणतं?

दोस्तांनो, सायकलने चढ चढताना तुम्ही कोणता गिअर टाकता? हलका ना? मग अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर मासे धरणाऱ्यांचं कोडं तुम्हाला चटकन सुटेल!

तिथला मस्की हा दांडगा शिकारी मासा ४ फुटांहूनही लांब वाढतो. त्याच्यासाठी गळाला वीतभर लांब, कधी २०० ग्रॅम वजनाचं नकली आमिष लावतात. ते दूर फेकायचं आणि रीळ फिरवत ओढून आणायचं. दिवसभरात शेकडो वेळा!

रिळावर ५:१ असं लिहिलेलं असतं. म्हणजे हॅण्डल १ वेळा फिरवलं, की दोरीची फिरकी ५ वेळा फिरते. ७:१ चं रीळ दोरी भराभर गुंडाळतं, पण जड ओढताना मनगट भरून येतं. म्हणून पाण्यात अडणाऱ्या, मोठ्या फिरत्या पात्यांच्या आमिषाला ५:१ बरं. आमिषाला झटके देताना ढिली पडणारी दोरी आवरायची असेल, तर ७:१.

रीळ दणकटही हवं. कारण बरेच जण मस्की पकडून परत सोडतात. फार वेळ झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. तेव्हा नुसता वेग बघू नका, काम बघा!